बहिणीची पिशवी

आधी तिचं सांगते. निळा गणवेश, डोक्याला निळाच रुमाल, हातात कोपरापर्यंत पिवळे रबरी मोजे, आणि काम बायकांच्या शौचालयातली फरशी पुसायचं. आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर ती सहा वर्षं हे काम करते. मूळची नेपाळची. वय पस्तिशीच्या आसपास. तिचं नाव मला माहीत आहे, तिनेच सांगितलं, पण इथे लिहिणार नाही. त्या दिवशी ती माझ्यासाठी आपली जागा सोडून कितीतरी लांब आली होती, आणि माझ्या लिहिण्यामुळे तिला कोणी बोल लावलेला मला चालणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं ते तिच्यामुळे. डॉक्टरांचं श्रेय डॉक्टरांना आहेच. पण मी वेळेवर पोचले नसते तर डॉक्टरांनी हातच लावला नसता.

हे मी कॅनडात, बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहिते आहे. ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे. मी मधूनमधून उठून तिचं पांघरूण हलतंय का बघून येते. तिला ते कळतं. डोळे न उघडता म्हणते, "आक्का, जिवंत हाय मी. बस जरा." लिहून काढ असं तिनेच सांगितलं. नुसती काळजी करत फेऱ्या मारण्यापेक्षा हाताला काम राहील म्हणाली. माझं शिक्षण सहावी, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सहावीच का, तेही बहिणीपासूनच सुरू होतं. आमचं गाव विंचूरच्या पुढे, आतल्या रस्त्याला. मी सहावीत होते तेव्हा ही जन्मली. आई मजुरीला जायची, बाळ कोणाजवळ ठेवायचं हा प्रश्न होता. काही दिवस मी तिला कडेवर घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी चालवून घेतलं. मग सहामाही परीक्षेत ती अशी रडायला लागली की वर्गातल्या एकालाही गणित सुचेना, आणि गुरुजी म्हणाले, पोरी, एक काय ते ठरव. ठरवायचं तरी काय होतं? मी दप्तर उचललं, ती कडेवर होतीच. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण राग कधी आला नाही. ती पुढे शिकत गेली, नाशिकला, मग पुण्याला, मग इतकी लांब, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आपलंच दप्तर पुढे चाललंय.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. दोन वर्षांपासून तिला अंगावरून फार जात होतं, रक्त कमी झालेलं, जिने चढताना दम लागायचा. हे सगळं तिने माझ्यापासून लपवलं होतं. म्हणाली, "आक्का, पिशवी काढायची म्हणतात."

आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. दुसरा शब्द मी कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. माझीही सहा वर्षांपूर्वी काढली, नाशिकला. त्यामुळे पहिल्या आठ दिवसांत बाईला काय लागतं, कुठे दुखतं, कशाने रडू येतं, हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

बहीण तिथे एकटी राहते. नवऱ्याशी पटलं नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या दवाखान्याचा नियम असा, की ऑपरेशननंतर घरी न्यायला आणि पहिले काही दिवस सोबत राहायला एक मोठं माणूस हवं. त्याचं नाव आधीच कागदावर द्यायचं. माणूस हजर नसेल तर तारीख रद्द, पुन्हा रांगेत. आणि ही तारीख मिळायलाच तिने आठ महिने वाट बघितली होती. तिने माझं नाव दिलं. कॅनडातल्या दवाखान्याच्या कागदावर माझं नाव लिहिलेलं आहे हे कळलं तेव्हा मला भीती वाटली, आणि खरं सांगते, आतून थोडं बरंही वाटलं. शाळेच्या हजेरीनंतर माझं नाव असं कोणी यादीत घेतलं नव्हतं.

व्हिसा यायला उशीर झाला. शेवटी तिकीट मिळालं ते असं, की बुधवारी संध्याकाळी मी तिच्या घरी आणि गुरुवारी सकाळी ऑपरेशन. मधे आखातात विमान बदलायचं. ते विमान चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. म्हणजे संपलंच.

बहीण म्हणाली, व्हीलचेअर मागून घे, ते लोक स्वतः नेऊन बसवतात, पुष्कळ आया तशाच येतात. मी नाही म्हणाले. धडधाकट बाईने खुर्चीत बसून जायचं आणि तो फोटो गावात कोणी बघितला तर? मी द्राक्षाच्या कामाला जाते त्या पॅकहाउसच्या बायकांनी मला वर्षभर ढकलत नेलं असतं. ही माझी पहिली चूक.

मुलगा मुंबईपर्यंत सोडायला आला. काचेच्या दाराशी त्याने शेवटचं बजावलं, "आई, काय बी झालं तरी सामान सोडून जायचं नाय." मी म्हणाले, मोठी बॅग तर ते आताच घेणार, ती थेट कॅनडालाच निघणार, मग सामान राहतंय कुठे? माझ्या हातात फक्त एक कापडी पिशवी होती, भगव्या काठांची, लग्नात आहेर म्हणून मिळतात तसली. पिशवीला कोणी सामान म्हणतं का? ही दुसरी.

पिशवीत खारीक-डिंकाचे लाडू होते, घरचे बेदाणे, हळद, चष्मा, फोन, आणि शेकायची रबरी पिशवी. ती मी माझ्या वेळी वापरलेली. बहीण म्हणाली होती की असल्या वस्तू इकडेही मिळतात. मिळत असतील. पण हिची ऊब मला माहीत होती. पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात होता. दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास मात्र घडी पडू नये म्हणून मी पिशवीतच, लाडवांच्या डब्याखाली सपाट ठेवला होता.

पहिलं विमान सकाळचं. दुपारी त्या विमानतळावर उतरले तर समोर माणसांचा नुसता पूर. पण मी घाबरले नाही, कारण मला एक विद्या येते. हंगामात मी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करते. घड छाटायचे, पेटी भरायची, आणि पेटीवरचं लेबल याद्यांशी जुळवून बघायचं. लेबलवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. मला त्यांचा अर्थ लागत नाही, पण दोन ठिकाणी तंतोतंत तेच आहे की नाही हे मी चालत्या पट्ट्यावर ओळखते. एक आकडा चुकला तर अख्खा कंटेनर परत येईल, असं आमचा साहेब रोज सांगतो. तेव्हा मी बोर्डिंग पास हातात धरला, मोठ्या फळ्यावरच्या ओळींशी जुळवला, माझं विमान शोधलं, त्यापुढचं गेटचं अक्षर आणि आकडा पाठ केला आणि पाट्या जुळवत जुळवत गेटावर पोचले. कोणाला एक शब्द विचारला नाही. अजून दोन तास होते. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की पास परत डब्याखाली ठेवताना मी हसले.

गेटासमोर खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि त्या भरत चालल्या होत्या. मी दाराला सगळ्यात जवळची खुर्ची धरली. मग शौचालयात जायची वेळ आली. आता एसटी स्टँडवर आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो, नाहीतर पिशवी ठेवतो. पिशवी ठेवली की जागा आपली. तिथे कोणी बसत नाही, कोणी पिशवीला हात लावत नाही. सगळ्या जिल्ह्यात हा कायदा चालतो. मी पिशवी खुर्चीवर नीट मधोमध ठेवली, वरून रुमाल बांधला, म्हणजे विसरलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे हे लोकांना कळावं, आणि गेले.

तिथे मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

हात धुवायला नळ उघडावा तर त्याला चावीच नव्हती. मी वर दाबलं, खाली दाबलं, फिरवून बघितलं. मागून एक पिवळा हात आला, माझं मनगट धरून नळाखाली नेलं, आणि पाणी सुरू झालं. तिने हसण्याचा आवाज न करता हसून दाखवलं. मी "थँक्यू" म्हणाले. ती म्हणाली, "दिदी, यहां सब ऐसे ही है. कुछ दबाने का नहीं. बस हाथ दिखाने का."

मला लगेच निघवेना, कारण तिचं काम बघत राहावं असं होतं. काम कसं करावं याची मला पारख आहे, तेवढी एकच. ती फरशी पुसताना मागे मागे सरकत होती, आणि मागे न बघता. एखादी बाई आत आली की तिचा पोचा आपोआप आखडायचा, बाई गेली की पसरायचा. कोणाच्याही पायाला पाणी लागत नव्हतं. आणि दर दोन-तीन हातांनंतर ती मान वर करून दाराबाहेरच्या फळ्याकडे एक नजर टाकत होती. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. बेसिनवर कोणाचा केस राहिला होता, तो तिने उचलला, आणि आरशातल्या मला बघून मान हलवली, आमच्याकडे भांडी घासणारी बाई दुसऱ्या भांडी घासणाऱ्या बाईला हलवते तशी.

बाहेर आले तर माझी रांग रिकामी होती.

खुर्च्यांभोवती पट्टी ओढली होती. लोक लांब उभे, मधे माझी खुर्ची, तिच्यावर माझी पिशवी, रुमालासकट, आणि तिच्यापासून चार हातांवर दोन सुरक्षा रक्षक. एक तिच्यावर कसलं तरी यंत्र धरत होता. वरून मघापासून इंग्रजीत काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होते, ते माझ्याबद्दल होतं हे तेव्हा लक्षात आलं. मी पट्टीखालून वाकून आत जायला लागले. दुसऱ्या रक्षकाने हात आडवा केला. तो हिंदी बोलणारा निघाला, त्यामुळे मला वाटलं, सुटले. तसं झालं नाही.

त्याने विचारलं, बैग किसका है. मी म्हणाले, मेरा. कुठे चाललात, तर कॅनडा. बोर्डिंग पास? तो पिशवीत. कॅनडाला कशाला?

आता बहिणीला काय झालंय हे हिंदीत कसं सांगायचं? पिशवीला हिंदीत थैली म्हणतात एवढं मला येत होतं.

"बहन का थैली निकालने का है," मी म्हणाले.

त्याची नजर बदलली. "थैली बहन की है?"

"हां, बहन की."

"तो आपकी नहीं है."

"मेरी तो छह साल पहले निकाली."

"किसने निकाली?"

"डॉक्टर ने."

मग त्याने खांद्यावरच्या वायरलेसमध्ये काहीतरी सांगितलं, आणि त्यानंतर त्याचा आवाज पार सपाट झाला. बहीण कुठे आहे, तिने ही पिशवी कधी दिली, कोणाच्या हातून दिली, आत काय आहे ते तुम्ही स्वतः भरलं का. मी जितकं समजावत गेले तितकं ते बिघडत गेलं. मी म्हणत होते, पिशवी खराब झाली आहे, उद्या सकाळी काढली नाही तर पुन्हा किती महिने लागतील माहीत नाही. तो विचारत होता, खराब म्हणजे आत काय आहे. घड्याळात बघितलं तर एक तास गेला होता. माझ्या डोळ्यांपुढे बहीण नव्हती, दवाखान्याचा तो कागद होता, आणि त्यावरच्या माझ्या नावावर कोणीतरी रेघ मारत होतं. घाबरले की माझा हात पोटावर जातो, टाक्यांच्या जागी. तसा तो गेला होता आणि तिथेच राहिला होता.

ती सफाईवाली कचऱ्याची पिशवी बदलायला बाहेर आली होती. पट्टीच्या कडेला उभी राहून तिने थोडा वेळ ऐकलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझा हात कुठे आहे ते बघितलं. मग तिने पिवळे मोजे काढले, घडी करून कमरेला खोचले, आणि त्या रक्षकाजवळ गेली. मोजे काढणं मला फार आवडलं. जणू ती म्हणत होती, आता मी फरशी पुसणारी नाही, आता बोलणारी आहे.

"भैया, बैग नहीं," ती म्हणाली. "बच्चेदानी. इनकी बहन का ऑपरेशन है. दिदी का हाथ देखो ना."

त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. दाढीवाला, उंचापुरा गडी, पण कानापर्यंत लाल झाला. मी शब्द पाठ करून टाकला, बच्चेदानी. चोपन्नाव्या वर्षी.

तरी नियम तो नियम. पिशवी उघडून बघणारच म्हणाले. एका टेबलावर ठेवून त्यांनी एकेक वस्तू काढली. लाडू, बेदाणे, हळद. हळदीचा वास घेऊन बघितला. मग त्याच्या हातात ती शेकायची रबरी पिशवी आली, मरून रंगाची, रिकामी, लोंबणारी. त्याने ती दोन बोटांत वर धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "यही निकालनी थी?"

आधी ती नेपाळी बाई हसली, मग मला हसू फुटलं, आणि मग तोही हसला, खाली बघून. त्याने सगळं जसंच्या तसं परत भरलं. रुमालही बांधून दिला. बजावलं, यापुढे पिशवी अंगाला चिकटवून ठेवायची. मी त्याला चुकीचं म्हणत नाही. तो त्याचं काम नीट करत होता. लेबल जुळत नसलेली पेटी मी तरी पुढे सोडली असती का?

पिशवी मिळाली. मी खुर्चीकडे वळले तर तिने माझा दंड धरला. "उधर नहीं, दिदी. गेट बदल गया."

मघाशी ती पुसता पुसता फळ्याकडे का बघत होती ते आता कळलं. बायका घाईत आत येतात आणि तिलाच विचारतात, अमुक विमान कुठे. म्हणून ती दर थोड्या वेळाने सगळा फळा डोक्यात भरून घेते. कोणी तसं करायला सांगितलेलं नाही, कोणाला ते ठाऊकही नसेल. टेबलावर काढलेला माझा पास बघून तिने ओळखलं होतं, माझं गेट विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. तिने रस्ता सांगायला सुरुवात केली, डावीकडे, खाली, छोटी रेल्वे, पुन्हा वर. मी मान हलवत होते, पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. ती मधेच थांबली. आत गेली आणि सफाईची ढकलगाडी घेऊन आली. बादली, पोचा, आणि पुढे ती पिवळी पाटी, घसरणाऱ्या माणसाच्या चित्राची.

मी म्हणाले, तुला कोणी रागावलं तर? ती म्हणाली, हातात पोचा असला की कोणी विचारत नाही. आणि पुढचं वाक्य मला जन्मभर पुरेल. "दिदी, बोर्ड मत देखो. मेरा पोछा देखो. बस उसके पीछे आओ."

तिने पोचा गाडीत उभा केला, त्याची पांढरी झालर वर, माणसांच्या डोक्यांवरून दिसेल अशी. आणि निघाली. ती धावली नाही, पण मला तिच्यामागे धावावं लागलं. सूटबूटवाले, अंगभर सोनं घातलेल्या बायका, सगळे ती पिवळी पाटी बघून बाजूला होत होते. इतकी माणसं, आणि तिच्यापुढे रस्ता आपोआप उघडत होता. मोठमोठ्या लोकांनाही असा रस्ता मिळत नसेल. मी त्या झालरीवरून नजर काढली नाही. काचेची दुकानं, झाडं, कारंजं, असलं काय काय होतं म्हणे, मी काहीच पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेवर तिचा मुकादम भेटला. हातात फळी, गळ्यात ओळखपत्र. त्याने काहीतरी विचारलं. तिने न थांबता पुढे बोट दाखवून दोन शब्द सांगितले आणि त्याने नाक मुरडून वाट दिली. छोट्या रेल्वेत बसल्यावर मी विचारलं, त्याला काय म्हणालीस. ती म्हणाली, "बोला, उधर किसीने उलटी किया." मी म्हणाले, माझ्यासाठी खोटं बोललीस. ती म्हणाली, तुमची अवस्था बघता अजून खोटं ठरलेलं नाही.

त्या रेल्वेत तिने विचारलं, कुठून आलात. मी नाशिक म्हणाले. तिला माहीत नव्हतं. मग मी म्हणाले, त्र्यंबकेश्वरच्या जवळ. तिने गाडीचा दांडा सोडून दोन्ही हात जोडले. म्हणाली, बुबांना तिथे जायचंय. बुबा म्हणजे वडील. त्यांनी काशी केली, केदार केला, त्र्यंबक राहिलंय. पैशाचं ती बघेल, भाऊ गाडीत बसवून देईल, पण ते निघत नाहीत. मी विचारलं, का. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "डरते हैं. आपके जैसे. बोलते हैं, उतरूंगा तो किसको पूछूंगा."

गेटावर पोचलो तेव्हा शेवटचे चार-सहा लोक उभे होते. मी डब्याखालून पास काढला, फळ्याशी जुळवला. तेच. एकही आकडा चुकला नव्हता. मग मी डबा उघडला, चार लाडू कागदात बांधले, आणि गेटावरच्या बाईकडून पेन मागून त्या कागदावर माझा नाशिकचा फोन नंबर लिहिला. लिहून झाल्यावर बघते तर मी सवयीने मराठी आकडे घातलेले. मी चरकले, म्हटलं, आता ही कशी वाचणार? तिने कागद सरळ केला आणि एका दमात वाचून दाखवला. त्यांचे आकडे आपलेच आहेत. सहाला ती छ म्हणाली, एवढाच काय तो फरक. इतक्या दिव्यांच्या, इतक्या इंग्रजी पाट्यांच्या त्या जागेत आम्हा दोघींना वाचता येईल अशी तेवढी एकच ओळ होती.

मला तिच्या पाया पडावं वाटत होतं. वयाने ती लहान, आणि मागे रांग खोळंबलेली. मी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिने मोजे चढवले, पाटी सरळ केली आणि पोचा खाली घेतला. पोचा खाली आला आणि ती दिसेनाशी झाली. मी वळून बघितलं तर नुसती माणसं.

बुधवारी संध्याकाळी बहीण दाराशी उभी होती. भिंतीला धरून. इतकी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मला मिठी मारून म्हणाली, "आक्का, विमानतळावरून फोन नाय, काय नाय, मला वाटलं तारीख गेली." मी म्हणाले, फोन पिशवीत होता आणि पिशवीची लय मोठी गोष्ट हाय, आधी बस. गुरुवारी सकाळी दवाखान्यात एका बाईने माझं नाव उच्चारलं, जमेल तसं, आणि मी शाळेतल्यासारखा हात वर केला. तिने कागदावर खूण केली. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की सगळं चांगलं झालं. त्यानंतरच्या दुखण्याला ती रबरी पिशवी लागली. बहीण कबूल करत नाही, पण दुकानातली गरम पट्टी तिने खुंटीला अडकवून ठेवली आहे.

अजून नेपाळहून फोन आलेला नाही. कागदावर लिहिला तो माझा नेहमीचा नंबर; तो फोन मी निघताना मुलाजवळ ठेवला, पिशवीतला नुसता प्रवासापुरता होता. अनोळखी, परदेशी नंबर उचलू नको, फसवतात, असं तोच मला सांगायचा. आता मी त्याला रोज सांगते, जो येईल तो उचल. परवा तो वैतागून म्हणाला, "आई, तुझ्या बुबांच्या नादानं मी तीन विमा पॉलिसीवाल्यांशी बोललो." बोल म्हटलं, आणखी बोल.

बहिणीला महिनाभरात बरं वाटेल, मग मी परत जाईन. या खेपेलाही मधे विमान त्याच विमानतळावर बदलायचं आहे. तिकीट काढताना मीच तसं सांगितलं. ती भेटेल की नाही माहीत नाही. तिची पाळी कोणती, जागा कोणती, कोण सांगणार? पण भेटली नाही तरी माझं ठरलं आहे, आणि ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तिच्या बुबांनी कधीही निघावं. मी नाशिक रोडला फलाटावर उभी असेन, ही भगव्या काठांची पिशवी काठीला बांधून डोक्यावर उंच धरून. गाडी कितीही उशिरा येवो. तिथून त्र्यंबकापर्यंत आणि देवळाच्या रांगेत शेवटपर्यंत मी त्यांच्यापुढे चालेन. त्यांना एवढंच सांगून पाठव, बाई, की पाट्या बघू नका, कोणाला काही विचारू नका, फक्त त्या पिशवीच्या मागे या.